लाल बटण, सात वेळा

१४ नोव्हेंबर

चि. चिंगीस,

दादाचा आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे असं लिहायची पद्धत, म्हणून लिहितो. आईच्या गुडघ्याची सूज जरा उतरलीय. बाबांचा पलंग तुझ्या खोलीत हलवला, तिथून न्हाणीघर जवळ पडतं. तुझी पुस्तकं खोक्यात भरली. रडू नकोस, फेकली नाहीत.

तू तीनदा फोन केलास, आईने उचलला नाही. का, म्हणून मला विचारतेस. घे, सांगतो.

बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा आई मावशीकडे होती, मी ऑफिसात. चार तास ते फरशीवर होते. मनगटावर घड्याळ, घड्याळात आपल्या कंपनीचंच ॲप. पडलं की लाल बटण दाबायचं, दहा सेकंद मोजून मला फोन लागतो. लागला नाही. आईने विचारलं, "का रे नाही लागला?" मी म्हणालो, ॲप चिंगीने लिहिलंय. खोटं काय त्यात? लिहिलं तूच होतंस.

हो, आठवतंय मला सगळं. घड्याळाची नवी सिस्टिम येतेय, बोट उजवीकडे सरकलं की ती ॲपला न विचारताच पडदा बंद करणार, 'नक्की बंद करू?' हा आपला प्रश्न येणारच नाही, मोजणीही थांबेल, असं तू मेल करून बजावलं होतंस. "दादा, दोन दिवस दे. पडदा गेला तरी मोजणी चालू राहील असं करते." मी चार लोकांत म्हणालो, "बोट कसं फिरवायचं ते आता ही शेंबडी पोर शिकवणार!" सगळे हसले. तू राजीनामा टेबलावर ठेवलास. नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय!

आणि ती नवी सिस्टिम बाबांच्या घड्याळात मीच टाकली. ॲप उघडतंय ना, पाहिलं. उघडलं. आपल्या धंद्यात उघडून सगळेच बघतात, बंद करून कोण बघतो?

बाबांचा हात थरथरतो. ॲपच्या नोंदीत दिसलं मला, त्यांनी सात वेळा बटण दाबलं. सातही वेळा बोट उजवीकडे घसरलं. ती नोंद मी पुसून टाकली.

तुझं ते मेल तुझ्याकडे असेलच. आईला दाखवतेस? दाखव की. मग तिला कळेल, ज्याच्या घरात ती राहते, ज्याच्या हातून बाबा दोन घास खातात, त्यानेच हे केलं. मग तिने जायचं कुठे, तुझ्या एका खोलीत? तू नाही दाखवणार. तुझा चांगुलपणा मला लहानपणापासून पाठ आहे. त्याच्यावरच तर माझं चाललंय.

वेळेत दवाखाना मिळाला नाही, बाबांची वाचा गेली. एकच शब्द उरलाय, "चिंगी." दिवसभर दाराकडे बघून तोच म्हणतात. आईला वाटतं, ते तुला दोष देतायत. तेव्हापासून तिने तुझं नाव टाकलंय. मी तिची समजूत काढली नाही.

डॉक्टर म्हणतात, फार तर महिना. बाबा तुला बोलावतायत, चिंगे. एवढं तुला खरं सांगतो.

येऊ नकोस.

तुझाच,
दादा