परत पाठवलेलं डुक्कर

प्रिय रमोना,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. ग्वामची बातमी सॅन दिएगोपर्यंत पोहोचता पोहोचता तिला पाय फुटतात. माझ्याकडून ऐक.

बाबा गेल्यावरच्या नऊ दिवसांच्या रोझरीच्या प्रार्थनेला सगळं गाव बिचकत, रिकाम्या हातांनी येत होतं. पाचव्या दिवशी मात्र म्हातारा तुन लिओन पिकअपमध्ये जिवंत डुक्कर घालून आला. त्याच्या मुलीच्या लग्नात बाबांनी दोन डुकरं दिली होती, वर तीन दिवस चुलीपाशी राबले होते. आठवतंय ना? हे डुक्कर त्याने स्वतः वाढवलं होतं.

आपला भाऊ किको पिऊन तर्र, फाटकात आडवा. "पेपरात छापलंय ना, कुणी काही आणू नये म्हणून? वाचता येत नाही का, म्हाताऱ्या?" तुन लिओन शांतपणे म्हणाला, "पोरा, तुझ्या बापाचं देणं माझ्यावर आहे. आत्ता नाही फेडलं तर मेल्यावर त्याला काय तोंड दाखवू?" किको खेकसला, "आम्ही भिकारी वाटलो का?" आणि नारळाचा कोयता घेऊन त्याने डुकराच्या मानेवर घाव घातला. एक, दोन, तीन. जनावर किंचाळत होतं. म्हाताऱ्याने त्याचा हात धरायला पुढे झेप घेतली आणि चौथा घाव त्याच्या गळ्यावर बसला. मी दोन्ही हातांनी जखम दाबून बसले, रक्त कोपरांपर्यंत आलं. आत बायकांची प्रार्थना चालूच होती. तो माझ्या मांडीवरच गेला.

मग म्हाताऱ्याच्या पुतण्यांनी किकोला लोखंडी पहारीने झोडपला. जबडा मोडला, बरगड्या मोडल्या. मी मध्ये पडले नाही. खरं सांगते, प्रत्येक फटक्याला मला बरं वाटत होतं. आता तो इस्पितळात आहे, दाराशी पोलीस.

पण रमोना, 'कुणी काही आणू नये' ही ओळ किकोची नव्हती. लोक जे आणतील त्याची आता गावात राहून परतफेड करणार कोण, असं तू म्हणालीस. मला ते पटलं आणि मीच छापायला दिलं. किकोला फाटकात उभं केलं तेही मीच. उद्यापासून तुन लिओनची रोझरी आहे. सकाळी त्याच्या बायकोचा निरोप आला: "स्वयंपाकाला हात कमी पडताहेत. दोघी बहिणी या. नाही आलात, तर मात्र आपलं संपलं." पैसे पाठवू नकोस. तू ये. तिच्या घरात एकटीने पाऊल टाकायची माझी हिंमत नाही.

तुझीच,
एंग्रासिया