स्पंज कोणी टाकायचा

जनाब याकूबशेठ, मुक्काम हर्णै बंदर, यांना

दुबईहून मुरलीधरचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही सोबतच पाठवतोय. तुला हवा तो ठेवून घे आणि उरलेला शहरबानूभाभींना दे. तुझा गुडघा कसा आहे? भाभींची साखर? आणि तुझे कान? (कानांचं मुद्दाम विचारतोय. मागच्या फोनवर मी तुला सांगितलं की लेकीने, अनन्याने, मला डाएटच्या पालापाचोळ्यावर ठेवलंय, त्यावर तू तीन वेळा 'मुबारक हो' म्हणालास.) म्हणून फोनचा नाद सोडला आणि पत्र लिहायला बसलो. आपला भिकाजी सुट्टीवर गावी निघालाय. त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी खजूर, भाभींसाठी बदाम, गुडघ्यासाठी बाम आणि हे पत्र. माझी तब्येत उत्तम आहे. निदान इथे सगळे तसं म्हणतात, आणि मी वाद घालायचं सोडून दिलंय.

तू कायमचा गावी गेलास आणि पाठोपाठ आमची अपर्णाही गेली (ती कुठे गेली ते तुला माहीत आहे, तिथून कोणी भिकाजीच्या हाती पत्र पाठवत नाही). अल कुसैसचं घर सोडून लेकीने मला इथे मरीनाला आणलं, त्यालाही आता वर्ष उलटलं. अडतिसावा मजला. खिडकी उघडत नाही. खाली बोटी दिसतात, पण मासळीचा वास येत नाही, तेव्हा त्यांना बोटी तरी कसं म्हणायचं? पोर माझं फार करते, खोटं कशाला बोलू. सकाळी चालायला नेते, दुपारी ऑफिसातून फोन करून जेवलात का विचारते, आणि तिच्या मैत्रिणी आल्या की मला पुढे करून सांगते, 'माय बाबा इज सच अ फायटर!' मग मीही हसतो आणि पोट आत घेतो. हे 'फायटर' प्रकरण कुठवर जाईल याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

आमचा जावई शौर्य हा गडी तसा गुणी, पण त्याला बॉक्सिंगचं वेड आहे. (दिवसभर बँकेत बसतो, संध्याकाळी बिल्डिंगच्या जिममध्ये एका टांगलेल्या पोत्याला मारतो. पोत्याने त्याचं काय बिघडवलंय, देव जाणे.) त्याच्या मंडळींनी एक कार्यक्रम काढला, जुन्या गाजलेल्या लढतींची नक्कल. त्यात याने निवडली अमेरिकेतली १८८९ सालची, हातमोज्यांशिवाय उघड्या मुठींनी झालेली शेवटची मोठी हेवीवेट लढत. जुलैच्या उन्हात दोन तासांहून जास्त चालली म्हणे, पंच्याहत्तर राउंड! आपल्या उम्म अल कुवैनच्या वर्कशॉपमध्ये जुलैत दोन तास नुसतं उभं राहून बघितलं असतं तर त्यांनी पहिल्याच राउंडला हात जोडले असते. त्या काळचे नियम मला आवडले. घड्याळ बघायचं नाही. एक जण खाली पडला की राउंड संपला. मग अर्धा मिनिट विश्रांती, त्यात त्याचा माणूस गुडघा टेकून बसतो आणि पडलेल्याने त्याच्या मांडीवर बसायचं. नंतर आपल्या पायांनी चालत मधल्या रेघेपर्यंत जायचं. आणि खरंच संपलं असेल, तर लढणाऱ्याने तसं म्हणायचं नाही. त्याच्या माणसाने स्पंज आत टाकायचा. स्पंज पडला की खलास, सुटला बिचारा.

आता हरणारा हेवीवेट कुठून आणायचा? त्या बिल्डिंगीत सगळेच पालापाचोळ्यावर. शौर्यची नजर माझ्यावर पडली. पण याकूब, तुला आठवतो तो मुरलीधरही आता राहिलेला नाही. ते वजन मुळात माझं नव्हतंच, अपर्णाच्या हातचं होतं, ती गेली तशी तेही गेलं. सदरा खांद्यावरून उतरतो. (लेकीला वाटतं बाबा फिट झाले. मी म्हणतो, हो.) शेवटी मला अंगाच्या रंगाचं बनियन चढवलं आणि आत सोफ्याची उशी कोंबली. वर खोट्या मिशा. खाली अनन्याची योगा करायची चड्डी, तिचं वर्णन करत नाही, भाभी हे पत्र वाचतील. माझा माणूस म्हणून अनन्याच, हातात बादली आणि पिवळा स्पंज. ठरलं होतं असं, सात राउंड, प्रत्येक राउंडला मी पडायचं, सातव्याला उठायचं नाही, अनन्याने स्पंज टाकायचा, जावयाचा हात वर, आणि मग समोसे. मी हो म्हणालो ते समोशांसाठी, हे तुला सांगायला नकोच.

हॉल गच्च भरला होता. मी पहिल्यांदा पडलो तेव्हा उशी सरकून पाठीवर गेली आणि मी कुबड्यासारखा उठलो. अनन्याच्या मांडीवर बसायचं म्हटलं तर धीर होईना, ज्या पोरीला आपण मांडीवर घेतलं तिच्या मांडीवर बसायचं कसं, सांग? मी तसाच अधांतरी वाकून अर्धा मिनिट काढला. त्यात पाय इतके भरून आले की दुसऱ्या राउंडला शौर्यने मूठ उगारायच्या आधीच मी पडलो. लोक हसून लोळायला लागले. एक लेबनानी बाई तर खुर्चीवर उभी राहून 'यल्ला बाबा, यल्ला!' ओरडत होती. पण तुला खरं सांगू? मला ते पडणं आवडायला लागलं. खाली मऊ गादी होती. अपर्णा गेल्यापासून मला कोणी 'पडून राहा' असं म्हटलंच नव्हतं. सगळे उठा म्हणतात, चला म्हणतात, छान दिसताय म्हणतात. सातव्या राउंडला मी पडलो आणि डोळे मिटून घेतले. आता उठायचं नाही, हे लेखी ठरलेलं होतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

स्पंज पडेना. मी एक डोळा उघडून बघितलं. अनन्या उभी, हातात स्पंज, पाणी टपटप खाली गळतंय. हात वर गेला आणि परत खाली आला. मला वाटलं विसरली. मी हळूच म्हणालो, 'टाक.' तिने मान हलवली आणि म्हणाली, 'गेट अप, बाबा. प्लीज.' काय करणार? उठलो, गेलो रेघेपर्यंत. आठव्याला पडलो, तेच. शौर्य कानाशी येऊन पुटपुटला, 'बाबा, खलास करा ना, माझी पाठ गेली.' जसं काही माझ्या हातात होतं! नवव्याला मी पडलो तो रडायलाच लागलो, मोठ्याने, मिशा निघेपर्यंत. अपर्णा दवाखान्यात होती तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसून असायचो, डॉक्टरांशी सगळं अनन्याच बोलायची, एक दिवस ती बाहेर आली आणि म्हणाली, आईला घरी नेऊ या. तेव्हा मी रडलो नाही, कारण पोर रडत नव्हती. तेव्हाचं सगळं त्या गादीवर आलं. आणि हॉलभर टाळ्या, याकूब! लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काय ॲक्टिंग करतो म्हातारा!

दहाव्या राउंडला शौर्य स्पंजच्या गळलेल्या पाण्यावरून घसरला आणि कंबर धरून बसला. त्याच्या माणसाने घाबरून त्यांचा स्पंज टाकला. झालं, शतकापूर्वीचा निकाल फिरला आणि तुझा मित्र हेवीवेट चॅम्पियन ठरला. अनन्याने मला मिठी मारली. 'आय कुडन्ट, बाबा,' एवढंच म्हणाली. बाप जिंकावा असं वाटलं असेल पोरीला. समोसे तोवर संपले होते.

ट्रॉफी टीव्हीशेजारी ठेवली आहे. हे पत्र मी अनन्याच्या समोरच बसून लिहितोय. (माझं अक्षर तिला कुठलं लागायला, इथे वाढलेली पोर.) मघाशी तिने विचारलं काय लिहिताय, मी म्हटलं, जिंकल्याचं. भाभींना सलाम.

तुझा,
चॅम्पियन मुरलीधर

ता. क. एवढं रामायण लिहिलं ते या कारणासाठी. माझा माणूस आता तूच आहेस. अनन्याला फोन कर, तिचे याकूबकाका म्हणतील ते ती ऐकते. तिला सांग, मुरल्या हरला. त्याला दापोलीला बांधून ठेवलेल्या घरात येऊन राहू दे. अपर्णाने निवडलेल्या फरशीवर अजून कोणी पाय ठेवलेला नाही, शुक्रवारी खिडक्या उघडायला जातोस तो तू सोडून. मी स्वतः सांगितलं असतं, पण 'फायटर' म्हणताना पोरीचा चेहरा आईसारखा होतो आणि मी पुन्हा पोट आत घेतो.

दुसरी ता. क. वरचं मनावर घेऊ नकोस. पोट रिकामं असलं की माणूस काहीबाही लिहितो. मी मजेत आहे. मात्र फोन केलासच तर संध्याकाळी सातनंतर कर, तेव्हा ती घरी असते.

काका, मी अनन्या. पार्सल मी पॅक करते आहे. बाबांनी पाकीट उघडंच दिलं, कारण त्यांना वाटतं मला त्यांचं अक्षर वाचता येत नाही. स्लो वाचते, पण येतं. अल कुसैसला आई शनिवारी तुमच्या सुमैय्याला आणि मला शिकवायची, तुमच्याच किचनमध्ये. चुकलं असेल तर सॉरी.

मी स्पंज विसरले नव्हते. आईच्या वेळी डॉक्टर अजून एक ऑपरेशन करू म्हणत होते. आई मला म्हणाली, आता बस. मग मी डॉक्टरांना नको म्हटलं. बाबांना आम्ही दोघींनी सांगितलं नाही. एकदा टाकला होता, काका. परत हात उठला नाही.

तुम्ही फोन करू नका. तिकीट मी आज काढते. बाबांना उद्या सांगेन, आधी मी थोडी रडून घेते. त्यांना खिडकीची सीट देत नाही, पाय सुजतात. तुम्ही न्यायला या. ते म्हणतील, मी ठीक आहे. ऐकू नका.