झेंडूच्या ताटव्यावरील दरोड्याबाबत

कुरुंदा,
घटस्थापनेआधीचा रविवार

बालमित्र बंडू यास दिगंबरचा (रागावलेला, तरीही सप्रेम) नमस्कार.

आपल्या शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा होता. त्याचा तो ठण्ण आवाज अजून पहाटे माझ्या कानात येतो, आणि त्याच्या पाठोपाठ तुझ्या थोरल्या बहिणीचा, गंगूताईचा. ताई पुढं उभी राहून फुलपाखराची कविता सांगायची आणि आपण सगळे मागून म्हणायचो (तू चुकीची ओळ सगळ्यांत मोठ्यानं). त्या कवितेनं माझा असा समज करून दिला होता की फुलावर बसतो तो प्रत्येक जीव सज्जन आणि फूल तोडतो तो तेवढा दुष्ट. यातली पहिली गोष्ट या वयात खोटी निघाली (फुलावर बसणारेही दुसऱ्या जिवांना खातात). दुसरी खरी आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूचं काय ठरलं? ताईला माझा नमस्कार सांग. तू दोन गल्ल्या पलीकडे राहतोस आणि मी पत्र लिहितोय, याचं नवल वाटेल. पण समोरासमोर माझा राग टिकत नाही. तू सुपारी पुढं करतोस आणि मी विषय विसरतो. कागद सुपारी देत नाही.

तर माझी नात जाई. घरामागच्या तुकड्यात तिनं हिरव्या जाळीचं शेडनेट उभं केलंय हे तू पाहिलंच आहेस. आत ढोबळी मिरची. श्रावणात त्या मिरचीवर मावा पडला. कोवळे शेंडे किड्यांनी भरले, पानं चिकट झाली, मुंग्यांची जत्रा लागली. जाईच्या बापानं, म्हणजे आमच्या हरीशनं, लगेच फवारणीचा पंप काढला. पोरगी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, बाबा, औषधानं मावा मरतो, पण माव्याला खाणारे त्याच्या आधी मरतात. मावा पुन्हा येतो, खाणारे येत नाहीत. शेवटी बापलेकीत तह झाला. दसऱ्यापर्यंत पंप माळ्यावर. तोवर मावा हटला नाही तर पंप खाली, शेड हरीशच्या ताब्यात, आणि जाईनं पुन्हा तोंड उघडायचं नाही. त्या दिवसापासून लेकरू धड जेवलेलं नाही.

हे खाणारे म्हणजे ढालकिडे. लाल, तुळतुळीत, पाठीवर काळे ठिपके. मला पाहताक्षणी आवडले. मी त्यांना दोन कविताही म्हणून दाखवल्या. पण त्यांची पिल्लं पाहिलीस तर तुझा देवावरचा विश्वास उडेल. काळी, खरबरीत, तिळाएवढ्या मगरीसारखी. मी एक चिमटीत धरून फेकायला निघालो तर जाईनं हात धरला, "आजोबा, मोठ्यांपेक्षा हीच जास्त मावा खातात." (असल्या बाळाला कोणत्याच कवीनं अंगाई लिहिली नाही, हे मात्र बराबर आहे.) आता यांचंही पोट आहे. मावा कमी झाला की ते पराग खातात, आणि पराग नसला की गाव सोडतात. म्हणून जाईनं शेडच्या आतबाहेर झेंडू लावला आणि मधे शेपू, कोथिंबीर फुलावर येऊ दिली. बाहेरच्या फुलांवर आलेले ढालकिडे ती कागदाच्या पुडीत धरून आत सोडायची, आणि मावा हळूहळू उतरू लागला होता. (सूनबाई निलमनं त्यातला शेपू एकदा भाजीत घातला. मी दोन घास जास्त खाल्ले, तो विषय वेगळा.) परभणीला शिबिराला जाताना जाईनं शेडची चावी माझ्या जानव्याला बांधली. "आजोबा, फुलांवर लक्ष ठेवा," एवढंच म्हणाली.

आणि बंडू, दुसऱ्याच सकाळी बाहेरच्या ताटव्याचा एक वाफा बोडका. नुसती देठं. तिसऱ्या सकाळी दुसरा वाफा. माझा संताप काय सांगू. आपल्याकडे दुसऱ्याची काकडी तोडली तर ती चोरी आणि दुसऱ्याचं फूल तोडलं तर ती पूजा, हा न्याय कोणी काढला? लोक तारेतून हात घालतात, काठीनं फांद्या वाकवतात, आणि तोंडानं स्तोत्र चालू. देवाला कळत नसेल का, माल कुठला आहे ते? तिकडं बाहेरचे ढालकिडे उपाशी निघून चालले, पुडीत धरून आत सोडायला मला एकही मिळेना, मावा पुन्हा शेंड्यांवर चढला, आणि हरीश रोज सकाळी माळ्याकडे बघून मिशीत हसून राहिलाय.

तांड्यावरची बेबीबाई मिरची तोडायला येते. तिला मी आडून विचारलं. म्हणाली, "काहून आजोबा, पाटीभर झेंडू नेऊन मी काय कालवण करू? आमी डोळे उघडतो तवा तुमच्या गावातले देव आंघोळ करून, हार घालून बसलेले असतात. त्यायला विचारा."

शेवटी मी युद्ध पुकारलं. शेडमध्ये पांढरी माशी पकडायला पिवळे चिकट कागद टांगतात. त्यातले चार मी कुंपणाच्या फटीत डोक्याच्या उंचीवर लावले. पहिला कैदी माझा चष्मा. दुसरं माझं उपरणं, ते सोडवायला आलेल्या निलमच्या बांगडीसह. पण आज पहाटे चोरही अडकला. तो निसटला, एक कागद त्याच्यासोबत गेला, आणि मागं राहिली एक तपकिरी कानटोपी.

असो. घरी सगळ्यांना यथायोग्य.

तुझा,
दिगंबर

ता. क. टोपीला उजव्या कानाशी लाल लोकरीचं ठिगळ आहे. बंड्या, ते ठिगळ मी गेली कैक वर्षं पारावर तुझ्या शेजारी बसून बघतोय. आता खरी विनंती ऐक. दसऱ्यापर्यंत देवाला तुळस वाहा. तुळस मी आणून देतो, घरपोच. हरीशला तुझं नाव सांगणार नाही. फक्त जाईची फुलं सोड.

आणखी एक. काल आरतीनंतर तू मला प्रसादाचं झेंडूचं फूल दिलंस, ते मी कानावर खोचून शेडमध्ये गेलो. एक ढालकिडा येऊन त्यावर बसला. बेबीबाई म्हणाली, "चोर सापडला म्हणा की, आजोबा." तेव्हा रागाचा मजकूर वाचताना आवाज थोडा कमी ठेव.

शेवटचं, घाईत. पाकीट चिकटवत होतो तोच दार वाजलं. मला वाटलं तू. दारात तुझी गंगूताई, हातात परडी, पदराला माझा पिवळा कागद. म्हणाली, "दिगू, बंड्याची टोपी इथं पडली का रं? पहाटेची हवा कानाला तकलीफ देते म्हणून मीच घालून येते." मी तोंड उघडायच्या आत पुढं म्हणाली, "जाई जाताना माझ्यापाशी रडली. तवाच देवीला झेंडूच्या लाख पाकळ्यांची लाखोली बोलले, पोरीच्या मिरचीवरची कीड औषधाविना जाऊ दे म्हणून. पण अर्धी लाखोली राहिली, अन् तुझी बाहेरची फुलं सरली. आतली असतील ना? आण बरं ती चावी." आत्ता ओट्यावर चहा पितेय. माझा हात जानव्यावर आहे, पण ताई पुढं म्हणेल ते आपण मागून म्हणायचं, ही सवय अजून गेलेली नाही. पत्र बेबीबाईच्या हाती धाडतोय. वरचं काही वाचत बसू नकोस. ये आणि तुझ्या बहिणीला घेऊन जा.