बाईंच्या डब्यातला आवाज

बाई,

काल तुमचा डबा पुन्हा उघडला. डबा हे तुम्हीच ठेवलेलं नाव. फोनच्या टेबलाखालचा तो एवढासा संगणक, जो तुमच्या संस्थेला येणारे सगळे फोन झेलतो आणि साठवतो. मोठी मेमरी बसवली, नवी डिस्क लावली, आतली धूळ ब्रशने काढली, आणि अकोल्याच्या बसमध्ये बसल्यावर तुमच्याशी भांडावंसं वाटलं. आता तुमच्याशी भांडायची सोय राहिली नाही, म्हणून हे कागदावर.

तुम्ही मला पहिल्यांदा बोलावलंत तेव्हा अकोल्यात माझं दुरुस्तीचं दुकान नवं होतं. तुम्ही सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाला होता आणि अमरावतीत दोन खोल्या भाड्याने घेऊन ही फोनलाइन चालवत होता. वर्षं अशी होती की वऱ्हाडात सकाळचं वर्तमानपत्र उघडायला हात धजत नसे. जीव नकोसा झालेल्या कुणीही फोन करावा, म्हणून गावोगावच्या भिंतींवर तुमचा नंबर रंगवला होता. फोन लागला की आधी तुमचा भरून ठेवलेला आवाज यायचा, "बोला जी. जेवले काय?" मग काही क्षण शांतता, आणि मग टेबलावरची मुलगी फोन घ्यायची. आपल्याकडे जेवणाचं विचारल्याशिवाय कुणी कामाचं बोलत नाही, म्हणून ती जागा तुम्ही उत्तरासाठी मोकळी सोडली होती. आणि लोक खरंच उत्तर देत. यंत्राला! "हो बाई, झालं. तुमचं झालं काय?" असं विचारून तुमच्या उत्तराची वाटही बघत. संध्याकाळी तुम्ही कानाला हेडफोन लावून ही उत्तरं ऐकायचात. जो नाही म्हणाला त्याला तुमचा फोन जायचा. जो काहीच बोलला नाही त्याला सगळ्यात आधी.

त्या दिवशी तक्रार अशी होती की एकदम दोन-तीन फोन आले की तुमचा आवाज अडखळायचा. "मी तोतरी होऊन राहिली ना रे," तुम्ही म्हणालात. मेमरी कमी पडत होती. मी डबा उघडायला बसलो तर तुम्ही मला आधी साबणाने हात धुवायला पाठवलंत, जणू आत कुणाचं पोट उघडायचं होतं. मेमरीची पट्टी मी खोडरबरने घासून पुसली तेव्हा तुम्ही चष्मा लावून वाकून बघत होता. मेमरी आणि डिस्क यांत फरक काय, विचारलंत. मी म्हटलं, मेमरी म्हणजे हातात घेतलेलं काम आणि डिस्क म्हणजे कपाट. तुम्हाला ते पटलं. निघताना तुम्ही पर्समधून दवाखान्यातला जुना चिमटा काढून दिलात. बारीक स्क्रू धरायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू मला आजवर मिळालेली नाही. अम्मीला दाखवला तर ती म्हणाली, धो के रख, किसी के टाँके निकाले होंगे.

आणि मग मी खाल्लेली ती बोलणी. डिस्क भराभर भरत होती. मी माझ्या मनाने एक शहाणपणा केला, संगणकाला सांगून ठेवलं की बोलणं तेवढं साठव, मधली शांतता कापून टाक. निम्मी जागा वाचली. शाबासकी मिळेल म्हणून मी अमरावतीला आलो तर तुम्ही दारातच उभ्या.

"चूप राहनं कापून टाकलं काय तुनं?"

"बाई, त्यात काही नसतं. फुकट जागा खाते."

"काही नसते? मानूस चूप काहून हाये, तेच तं मले आयकाचं असते! बोलनाऱ्याची मले चिंता नाई रे बापा."

फोन घेणाऱ्या मुलींसमोर बोललात म्हणून मला राग आला होता. तरी मोठी डिस्क आणली, शांतता पुन्हा जशीच्या तशी साठू लागली. तुमचंच बरोबर होतं. पण इतकं ताडकन बोलायची गरज नव्हती, हे मी अजूनही म्हणतो.

नंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. छातीत दुखतंय म्हणून स्वतः रिक्षा करून दवाखान्यात गेलात, ज्या वॉर्डात तुम्ही उभं आयुष्य काढलंत तिथेच. शेवटची वंदना झाल्यावर विहारातून सगळी माणसं ऑफिसच्या खोलीत येऊन बसली होती. मीही भिंतीला टेकून होतो. फोन वाजला. कुणाच्या तरी हातून स्पीकर सुरू राहिला असावा. भरल्या खोलीत तुमचा आवाज आला, "बोला जी. जेवले काय?" पलीकडून एक बाप्या म्हणाला, "नाई बाई, आज मन नाई." खोलीत एकच हुंदका फुटला. टेबलावरच्या मुलीने डोळे पुसून फोन घेतला.

आवाज बदलायचं कुणी बोललं नाही. संध्याकाळचं ऐकण्याचं काम त्या मुलीनेच उचललं. वर्षभराने डिस्क टकटक करू लागली, तेव्हा तिने मला बोलावलं आणि म्हणाली, "भाऊ, एक नंबर हाये. रोज येते. बाईचं बोलनं आयकते अन् ठेवून देते. मी वापस लावला तं उचलत नाई." तुमचा नियम मला माहीत होता. मी माझ्या मोबाइलवरून लावला, डब्याच्या दुरुस्तीला आलोय म्हटलं. तुमची मुलगी निघाली, अंजनगाव सुर्जीची. शेवटची काही वर्षं ती तुमच्याशी बोलत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"जगाले इचारत होती जेवले काय," ती म्हणाली. "मी घरी गेली का म्हने, थांब, फोन वाजून राहिला. मले कधी इचारलं नाई तिनं. म्हनून लावतो आता. मलेच इचारते असं वाटते." मग घाबरून म्हणाली, "डबा बदलून राहिले काय तुमी? आवाज जाईन काय तिचा?"

मी म्हटलं, नाही जाणार. कारागिराने असं छातीठोक बोलू नये. दुपारी लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर सगळं उतरवत होतो. हजारो फोन व्यवस्थित आले. तुमचा तो एक आवाज मात्र उतरेना. डिस्क नेमकी तिथेच खराब झाली होती. पुन्हा लावली, थंड करून लावली, उलटी धरून लावली. नाहीच. त्याची दुसरी प्रत कुठे काढून ठेवलेली नव्हती. घामाने शर्ट अंगाला चिकटला आणि आता तुमच्या मुलीला काय सांगायचं हा प्रश्न होता.

मग लक्षात आलं, तुमचा आवाज प्रत्येक फोनमध्ये आहेच. फोन लागल्यापासूनचं सगळं साठत होतं. पण आपली माणसं तुमचं वाक्य पुरं होऊ देतील तर ना! कुणी "हो हो" म्हणत मध्येच बोललेलं, कुणाच्या मागे ट्रॅक्टर, कुणाचं लेकरू रडणारं. एकेक उघडत गेलो. तुमचा आवाज अखंड सापडला तो फक्त तुमच्या मुलीच्या फोनमध्ये. ती गप्प होती ना. अख्ख्या कपाटात तेवढीच एक जागा, जिथे तुम्ही बोलत होता आणि कुणीतरी नुसतं ऐकत होतं. तिथून तो कापून घेतला आणि लावला. तेव्हापासून वऱ्हाडाला तोच ऐकू येतो, आणि काल तोच मी नव्या डिस्कवर चढवला.

त्याच्या मागे बारीकसा श्वास आहे. तुमच्या मुलीचा. तो काढून टाकणं मला अवघड नव्हतं, तेव्हाही आणि कालही. काढला नाही.

हे पत्र कुठे टाकणार? अंजनगावला धाडावं असं मनात आलं होतं, म्हणजे निदान तिला तरी कळेल. पण धाडणार नाही. काल काम झाल्यावर तपासून बघा म्हणून मी तिला फोन करायला सांगितलं. तिने तुमचा आवाज ऐकला आणि मला उलट फोन लावला. म्हणाली, "भाऊ, लय दिवसाचं इचाराचं होतं. या आवाजात आई दम घेते ते आयकू येते. आईच हाये ना ते?"

मी हो म्हणालो.