भादव्या उडी मारत नाही, त्याबद्दल

मु. पो. जेऊर, ता. करमाळा
१८ नोव्हेंबर १९७४

ती. सिद्धारामभाऊ यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे ज्ञानबाचा, नमस्कार. दोन्ही हात जोडले असते, पण उजवा प्लास्टरमध्ये आहे आणि गळ्यात बांधलेला आहे, तेव्हा एका हाताचा गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? सोलापुरात थंडी पडली असेल तर तेल चोळत जा. मी सांगतो आहे आणि तुमची बहीण मथुरा लिहिते आहे. (दादा, कंसातलं माझं. यांचा चष्मा फुटलाय, मी काय लिहिते ते यांना दिसत नाही.)

आमचं शिंगरू भादव्या आता दोन वर्षांचं झालं, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या गावच्या आबासाहेबांनी पुण्यात कुठंतरी उड्या मारणारी घोडी पाहिली आणि तेव्हापासून त्यांना तसलंच घोडं पाहिजे. स्टेशनासमोरच्या हॉटेलात ते म्हणाले, "ज्ञानबा, तुझं शिंगरू कमरेएवढी उडी मारंल का?" मी म्हणालो, "कमरेएवढी? डोक्यावरनं जाईल की!" चार माणसांत शब्द गेला. (चहा आबासाहेबांचा होता. भजीपण.) उडी मारली तर भादव्या त्यांनी विकत घ्यायचा, असं ठरलं. म्हणूनच तुम्हाला विचारलं, कारण तुम्ही पलटणीत चौदा वर्षं घोडी शिकवलीत. तुमचं उत्तर मी पाठ केलं : कोवळ्या घोड्याच्या पाठीवर बसू नये, आपण जमिनीवरच उभं राहावं, लांब दोर धरून त्याला गोल फिरवावं, आधी लाकूड जमिनीवर ठेवावं आणि मग रोज वीतभर उचलावं.

पहिल्या दिवशी बाभळीचा वासा जमिनीवर ठेवला. भादव्यानं तो हुंगला, त्याच्यावर एक पाय ठेवला आणि फोटो काढून घ्यायचा असल्यासारखा उभा राहिला. मी चुचकारलं, दटावलं, शेवटी वाटलं की बिचाऱ्याला उडी म्हणजे काय हेच माहीत नसेल. म्हणून धोतर खोचून मी स्वतः वाशावरून चार वेळा उडी मारून दाखवली. (अकरा वेळा.) भादव्या काही शिकला नाही, पण आमची सात शेरडं कुंपणाजवळ उभी राहून बघत होती, ती शिकली. दुसऱ्या दिवशी सातही कुंपणावरून पलीकडे, गोजाबाईच्या जोंधळ्यात. गोजाबाई अंगणात येऊन म्हणाली, "ज्ञानबा, घोडं हाय तितंच हाय आन शेरडं उडाया लागली. आता कोंबड्यास्नी कवा पोहायला शिकवतुयास?" शेजाऱ्यानं असं बोलू नये. (बरोबर बोलली.)

मग वासा दोन उलट्या घमेल्यांवर ठेवला आणि दोर धरून मध्ये उभा राहिलो. तुम्ही लिहिलं होतं की माणसानं जागेवरच फिरावं. पण आमच्या आवारात मध्यावर लिंबाचं झाड आहे, ते तुमच्या पत्रात नव्हतं. भादव्या वाशाला बगल देऊन पळू लागला, मी त्याच्याबरोबर फिरू लागलो, गरगरायला लागलं म्हणून झाडाला टेकलो, आणि हे पठ्ठं दोर ताणून माझ्याभोवती फेऱ्या मारतच राहिलं. पाचव्या फेरीला मी छातीपासून गुडघ्यापर्यंत झाडाला बांधलेला. तुमची बहीण विहिरीवरून आली, तिनं मला पाहिलं, आधी घागर उतरवली, चुंबळ झटकली, आणि मग विचारलं, "हे शिकवणं कुनाचं चाललंय?"

परवा आबासाहेब बघायला आले, बरोबर दहा-बारा माणसं. दुष्काळी कामात आमच्या बांधाला चर खणली ना, तिच्या अलीकडे मी कमरेएवढा वासा बांधला होता. मी वाशाच्या पुढं दोर धरून उभा, मागं चर. भादव्या असा दौडत आला म्हणता, की मलाच भरून आलं. वाशापाशी आला, पाय उचलणार, तेवढ्यात थांबला आणि मान अशी झटकली की दोरासकट मी वाशावरून त्याच्याकडे गेलो, त्याच्या नाकावर आपटलो आणि तो दचकून मागं सरून पुन्हा मान फेकतो तोच, आलो तसा वाशावरून परत, ते थेट चरीत. वरून आबासाहेबांचा आवाज आला, "ज्ञानबा, उडी झ्याक हुती. पर मला घोड्याची बघायची हुती." चष्मा फुटला, हात मोडला, कुर्डुवाडीच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं. आबासाहेब आता पौर्णिमेला पुन्हा येणार आहेत. तरी शिकवण्यात कुठं चुकतं आहे ते उलट टपाली कळवावं. वहिनींना नमस्कार.

आपला,
ज्ञानबा

ता. क. दादा, हे सगळं माझं आहे, ते बाहेर ओसरीवर बसलेत. भादव्याला उडी येते. पहिल्या आठवड्यापासून येते. सकाळी मी चर ओलांडून विहिरीकडे निघाले की तो मागून हाक मारल्यासारखा खिंकाळतो आणि चरीवरून उडी मारून माझ्यामागे येतो. शिकवलं काहीच नाही. यांना सांगितलं तर आबासाहेब त्याला घेऊन जातील, म्हणून मी गप्प आहे. शिंगरू जन्मलं तेव्हा दुष्काळात त्याला मी माझ्या वाटचं पाणी पाजलंय. तुम्ही पौर्णिमेला या आणि चार माणसांत सांगा की याचे मागचे पाय कच्चे आहेत. यांना काही कळू देऊ नका. तुमची मथुरा.

ता. क. पाव्हणं, मथुरा पाकिटाला खळ आनाया चुलीकडं गेली हाय, म्हनून डाव्या हातानं अंदाजानं लिवतो. घोडं उडतंय. ती विहिरीला जाती तवा मी कडब्याच्या गंजीमागनं रोज बघतो. तिच्या मागनं असं जातंय की इकायचा जीव व्हईना. पर शब्द दिलाय, आन तिला सांगितलं तर म्हनंल, मग भजी कशाला खाल्ली? तुमी पौर्णिमेला या आन घोड्यात खोड काढा, कसलीबी. परवा ते नक्की उडणार हुतं, म्हनून दोराला हिसका मीच दिला. हात मोडायचा मातर बेत नव्हता.