समोरच्या ओट्यावरचे आबा

२३ सप्टेंबर १९९४, शुक्रवार
पळाली! समोरची मंदा पळाली. सकाळी रिक्षा आली. तिचा नवरा भटू चादर गुंडाळून आत बसला, ही बोचकं घेऊन शेजारी — आणि म्हातारा सासरा मागे ओट्यावर! प्लेगच्या भीतीनं अख्खं सुरत स्टेशनकडे धावतंय, कबूल. आमची चाळही रिकामी झाली. प्रकाशना रजा नाही म्हणून आम्ही राहिलो. पण ज्याला धड चालता येत नाही त्याला टाकून जायचं? तोंड बघू नये असल्या बाईचं.

२४ सप्टेंबर
आबा दिवसभर ओट्यावर. खिडकीच्या फटीतून दिसतात. दुपारी काठी टेकत नळावर गेले. कळशी येईपर्यंत निम्मी सांडली. बघून जीव तुटला — काय ही सून! प्रकाश म्हणाले, दोन पोळ्या तरी देऊन येतो. मी कडी लावली. घरात आमचा लहानगा तुषार आहे. आणि ज्याचं कर्तव्य त्यानं करावं. आपण का म्हणून?

२५ सप्टेंबर, रविवार
चर्च बंद. प्रकाशनी घरीच वाचन घेतलं. मत्तय, सातवा अध्याय — कुसळ आणि मुसळ. हे मंदाला ऐकवायला हवं होतं! एरवी चाळभर उणीदुणी काढत फिरते. मागे मलाच विचारत होती, तुमच्या सासूबाई नगरला एकट्याच असतात का? मला! आता कुठे गेला तो शहाणपणा?
वाचन चालू असताना आबा बाहेरून हाका मारत होते. प्रकाश थांबले. मी म्हटलं, पुढे वाचा.

२७ सप्टेंबर
आबा खोकताहेत. खिडकी लावून घेतली. देव मंदाला याचा जाब विचारील.

२९ सप्टेंबर
मंदा आली. पळाली नव्हती. भटूला ताप भरला म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिथे दोघांनाही वेगळं ठेवलं, बाहेर सोडेनात. साधा मलेरिया निघाला.
माझा हात धरून म्हणाली, “विजयाताई, तुम्ही समोर होतात म्हणून जिवाला धीर होता. म्हटलं, आबांना पाणी तरी मिळत असेल.”
आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सुनेला म्हणाले,
“ताईनी दिन्हं वं पानी. रोज दिन्हं.”