खाली उभा राहणारा

प्रिय गजूभाऊ,

तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितोय. तू होतास तेव्हा चिठ्ठी लिहायची वेळच आली नाही. दिवसातले दहा तास तू माझ्याच मोटरसायकलवर मागे बसलेला असायचास, लिहायचं कशाला? पण आज जे सांगायचं आहे ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. उद्या सकाळी तुझी पल्लवी पहिल्यांदा विजेच्या खांबावर चढणार आहे. खाली डीपीच्या फ्यूजपेटीपाशी मी थांबणार आहे. आणि मला भीती वाटते आहे, भाऊ.

आधी चांगलं सांगतो. पोरीनं आयटीआय पूर्ण केलं, तुझ्या जागेवर तिला अनुकंपाची ऑर्डर मिळाली, आणि ती आपल्याच ऑफिसात रुजू झाली. पहिल्या दिवशी हेल्मेट घालून आली तर टपरीवाल्यानं चहा सांडवला. वहिनी रडल्या आणि लगेच तिला डबा भरून दिला. तू असतास तर काय केलं असतंस? काही नाही. हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला असतास.

माझा गुडघा आता साफ गेला आहे. शिडीच्या चौथ्या पायरीवरच तो कुरकुरतो. साहेबांनी मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बबनराव, आता तुमचं चढणं बंद. वर पल्लवी जाईल, खाली तुम्ही. गजूभाऊंची मुलगी आणि तुम्ही, जोडी परत जमली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. माझं हसणं कसं दिसलं असेल कोण जाणे.

आपली जोडी! बाभुळगावच्या बाजारात मी एकटा दिसलो की लोक विचारायचे, "आज अर्धेच आले का हो?" कोणी आपल्याला सिनेमातली जोडी म्हणायचं, कोणी बैलजोडी. डावा कोण आणि उजवा कोण यावरून पानठेल्यावर वाद व्हायचे. क्रिकेटवाले म्हणायचे, एक फटके मारणारा, एक उभा राहणारा. फटके मारणारा मी. गावात शिरलो की बाया-माणसांशी गप्पा मारणारा, वर चढून तिथूनच कोणाला तरी हाक मारणारा. आणि तू खाली. तीन फ्यूज काढून शर्टाच्या खिशात घातलेले, खिशाचं बटण लावलेलं, पाठ डीपीला. मी खाली उतरेपर्यंत चहा घ्यायचा नाहीस, फोन उचलायचा नाहीस, कोणी बोलायला आलं तर मान हलवायचीस तेवढी. लोक तुला खडूस म्हणायचे. मीही म्हणालो आहे, तुझ्या तोंडावर!

आता ते सांगतो, जे एकोणीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही.

तांड्यावरच्या त्या दिवसाची गोष्ट. ती सगळ्यांना पाठ आहे. तूर उभी होती, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते, शेताकडच्या लाईनवर एक जोड तुटला होता. तेव्हा आपण चढायला पाळी लावायचो. त्या दिवशी पाळी तुझी होती. मी डीपीतून शेताकडचे तीनही फ्यूज काढले. ते चिनी मातीचे जड ठोकळे खिशात टोचत होते म्हणून मी ते पेटीच्या वर ठेवले. तू चार खांब पलीकडे होतास.

तेवढ्यात एक बाई डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन आली. "वायरमनभाऊ, चक्की बंद पडली. घरी पाव्हणे आले हायेत. तेवढं पाहून द्या ना जी!"

मला नाही म्हणता येत नाही, तुला माहीत आहे. घराकडच्या लाईनचा फ्यूज जळला होता. मी तो काढला, त्याला नवी तार बांधली, बांधता बांधता पाहुणे कुठचे, काय जेवण, सगळं विचारलं. आणि बोलत बोलत तो फ्यूज बसवला. शेताच्या बाजूला. फक्त एकच फ्यूज, आणि तोही पापणी लवायच्या आत परत ओढला. पण तोपर्यंत तुझी किंकाळी आली होती.

पुढचं लोकांनी पाहिलं. मी तुरीतून धावत गेलो, शिडीवर चढलो, कमरेच्या पट्ट्याला लटकलेला तू, तुला खांद्यावर घेऊन उतरवलं, छाती दाबली, मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. ते सगळं खरं आहे. त्यातलं एकही खोटं नाही. फक्त त्याच्या आधीचं मी गिळलं. कोणीतरी म्हणालं, शेतातल्या जनरेटरचा करंट उलटा आला असेल. मी म्हणालो, "तसंच झालं असन." कोणाचा जनरेटर, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून सरळ झाली नाहीत. क्लच दाबता येईना म्हणून गाडी चालवणं कायमचं माझ्याकडे आलं. पल्लवी तेव्हा तीन वर्षांची होती.

ग्रामपंचायतीनं माझा सत्कार केला. शाल कोणाच्या हातून द्यायची? तुझ्या! त्या वाकड्या बोटांनी तू माझ्या खांद्यावर शाल टाकलीस आणि सारखी करून दिलीस. पुढे तांड्यावरच्या शाळेत स्नेहसंमेलनात 'गजू-बबन' नावाची नाटुकली झाली. दोन मुली मिशा रंगवून आल्या होत्या. बबन झालेली मुलगी बाकावर चढली आणि गजू झालेलीला पाठीवर घेऊन उतरली. पुढच्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या, भाऊ. तूही वाजवल्यास. मी तिरक्या डोळ्यानं तुझ्याकडे पाहिलं होतं. तुझ्या तोंडावरून काही कळलं नाही.

दवाखान्यातून कामावर परत आलास त्या दिवशी तू एवढंच म्हणालास, "बबन्या, आता पाळी नाही. वर तू. खाली मी."

मला वाटलं, तू घाबरलास. करंट लागलेल्या माणसाला चढायची भीती बसते, त्यात काय! मी तर ते चारचौघांत बोलूनही दाखवलं. "आमचे भाऊ डरले!" लोक हसले. तू पण हसलास. त्या हसण्यासाठी मला जोड्यानं मारायला हवं होतं. त्यानंतर तू जाईपर्यंत सोळा वर्षं एकदाही तू फ्यूज माझ्या हातात दिला नाहीस. मी एकदा सर्दीत म्हणालो, "भाऊ, आज मी खाली थांबतो," तर तू म्हणालास, "मंग आज काम नाही. उद्या करू." मी त्यावरही थट्टा केली.

तू गेल्यावर ही तीन वर्षं बरी गेली. गुडघ्याला तेल लावून मीच चढत राहिलो, खाली कोणी ना कोणी तरणा पोरगा असायचा. एकट्यानं खाली थांबायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

मग मागच्या रविवारी तुझ्या घरी गेलो होतो. साहेबांनी ठरवलेल्या जोडीचा विषय पल्लवीजवळ निघाला. ती पोळी लाटत होती, हसली आणि सहज म्हणाली, "काका, बाबा म्हणत जाय, वर चढाले बबन्यासारखा गडी जिल्ह्यात नाही. पण त्याले एकट्याले खाली ठेवू नये. काहून म्हणत असतीन जी असं?"

मी म्हणालो, "मस्करी करत असन तुहा बाप." आणि चहा तसाच ठेवून उठलो.

भाऊ, तुला माहीत होतं!

दुसऱ्या दिवशी देखभालीसाठी लाईन बंद होती. मी त्या तांड्यावरच्या खांबाकडे गेलो. एकोणीस वर्षांत त्या खांबावर मी कधी चढलो नव्हतो, काही ना काही कारण काढायचो, आणि कारण काय हे तू कधी विचारलं नाहीस. सोबतच्या पोराला शिडी धरायला लावली आणि दुखऱ्या गुडघ्यानं वर गेलो. वरून पाहिलं. चार खांब पलीकडची डीपी स्वच्छ दिसते. पेटीपाशी उभं असलेलं माणूस दिसतं. त्याचे हात काय करतायत तेही दिसतं.

म्हणजे तू पाहिलंस. पाहिलंस आणि शाल टाकलीस. पाहिलंस आणि नाटुकलीला टाळ्या वाजवल्यास. चढायला तू घाबरला नव्हतास, तुला माझ्या बोलघेवड्या तोंडाची भीती होती. ती बरोबर होती. म्हणून तू सोळा वर्षं उन्हात, चिखलात डीपीला पाठ लावून उभा राहिलास, खडूस म्हणवून घेतलंस, भित्रा म्हणवून घेतलंस. माझं नाव खराब होऊ दिलं नाहीस आणि पुन्हा कोणाचा जीव माझ्या हातात येऊ दिला नाहीस.

पण एकदा तरी शिवी द्यायचीस ना रे! एक थोबाडीत ठेवून द्यायचीस. मोटरसायकलवर माझ्या पाठीमागे बसून तू काय विचार करायचास? मला माफ केलं होतंस का? की नुसता सांभाळत होतास? हे मी आता कोणाला विचारू? आणि एक राग आहे तुझ्यावर, तोही सांगतो. तू बोलला असतास तर मी सुधारलो असतो. कदाचित. तू गप्प राहिलास आणि मी तसाच राहिलो, छप्पन्न वर्षांचा, हसरा, गप्पिष्ट. आता तुझी एकुलती एक पोरगी वर चढणार आणि खाली हा असा माणूस. मी पेटीपाशी उभा आहे, कोणीतरी येतं, 'वायरमनभाऊ' म्हणतं, आणि माझं तोंड सुरू होतं, एवढंच मला सारखं दिसतं. साहेबांना 'मी नाही थांबत' म्हणावं तर ते कारण विचारतील.

आज दुपारी मी पल्लवीला सांगितलं. ऑफिसमागच्या खोलीत ती उद्याचा पट्टा तपासत होती. एकेक कडी ओढून पाहत होती, अगदी तुझ्यासारखी. मी दार लोटलं आणि सगळं बोललो. ज्वारीच्या पाटीपासून शालीपर्यंत. तिनं पट्टा खाली ठेवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग म्हणाली, "बाबाले मालूम होतं?"

"होतं."

"बाबाले भाकर मोडता येत नव्हती, काका. आई मोडून देत जाय."

तिनं पट्ट्याची पुढची कडी ओढून पाहिली. मग ती म्हणाली, "आईले सांगतलं?"

"नाही."

"सांगा मंग. मी नाही सांगणार. तुमीच सांगा." आणि मग, पट्टा खुंटीला अडकवताना, "उद्या फ्यूज माह्या खिशात राहतीन. तुमी डीपीपाशी बसा. फ्यूजच्या जागी कोणाले तार-बीर घालू देऊ नोका. अन् फोन इथंच ठेवून या."

मी विचारलं, "पोरी, तुले माह्यासंग भेव नाही वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली. "म्हनूनच सांगून राह्यली."

तुझी पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे, भाऊ. तू मला झाकलंस. तिनं मला समोर उभं करून काम दिलं.

भीती गेली नाही. उलट वाढली आहे, कारण आता चूक झाली तर 'माहीत नव्हतं' म्हणायला कोणी उरलं नाही. तरी तुला शब्द देतो. उद्या ती खांबावर असेपर्यंत माझी पाठ डीपीला राहील. पाणी मागणार नाही, कोणाच्या नमस्काराला उत्तर देणार नाही, देवानं हाक मारली तरी 'थांब' म्हणेन. तिचे दोन्ही पाय जमिनीवर टेकले की तिच्यासोबत तुझ्या घरी जाईन आणि वहिनींसमोर बसून सांगेन, बोटं माझ्यामुळे गेली. त्यानंतर ती शाल घेऊन तांड्यावर जाईन आणि सत्कार केला होता त्याच पंचायतीपुढे तेच सांगेन. लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत. तुला मात्र यापुढे कोणी भित्रा म्हणणार नाही.

तुझा,
बबन्या